डेल्टा जी ४, ७ की ९? हायड्रोजन एक्सचेंज नेमकं काय मोजतं

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, चुकलं तर सांग. ११० रेसिड्यूचं, म्हणजे ११० अमिनो आम्लांच्या साखळीचं, प्रोटीन, नायट्रोजन-१५ लेबल केलेलं, लायोफिलाइझ करून (गोठवून सुकवून) जड पाण्यात, म्हणजे हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असलेल्या पाण्यात, विरघळवलंस, पीडी ६ (जड पाण्यातला पीएच), २५ डिग्री, आणि आठवडाभर एचएसक्यूसी घेत बसलीस, म्हणजे एनएमआरचा तो स्पेक्ट्रम ज्यात साखळीतल्या प्रत्येक एनएचचं एक पीक दिसतं आणि त्याच्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आला की ते गायब होतं. निम्मी पीकं पहिल्या स्पेक्ट्रमलाच गायब. उरलेल्यांतल्या बऱ्याच एनएचवरून डेल्टा जी, म्हणजे घडी उघडायला लागणारी ऊर्जा, ४ किलोकॅलरीच्या आसपास येतो, पाच-सहांवरून ९ येतो, आणि तेच प्रोटीन यूरियात उलगडून सीडीवर (प्रकाशाने घडी मोजायची पद्धत) मोजलं तर ७. आता टेबलात एकच आकडा लिहायचाय आणि तू विचारतेस यातला खरा कुठला. देवगडची आहेस म्हणालीस आणि माझ्या मुलीच्या वयाची, तेव्हा सरळ अगं-तुगं करतो, राग मानू नकोस.

तर ४ खरा असू शकतो, ७ पण खरा असू शकतो, दोघांचं भांडण नाहीये. ९ वर मात्र माझा अजून विश्वास नाही, आणि तो का नाही हे कळलं की एक्सचेंजची निम्मी गोम कळली असं समज.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढून टाकतो. पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की बाहेरचे एनएच लवकर बदलतात, आतले उशिरा, आणि मुलं त्यावरून समजतात की एक्सचेंज म्हणजे कोण किती खोल पुरलाय याचं माप. तसं नाहीये गं. हायड्रोजन बाँडमध्ये अडकलेला एनएच जोवर अडकलेलाय तोवर तो बदलतच नाही, मग तो पृष्ठभागापासून दोन अँगस्ट्रॉमवर असो नाहीतर दहा. बदलतो तो बाँड तुटून त्याला पाणी भेटतं तेव्हा. म्हणजे आपण मोजतो ते उघडणं. प्रोटीन ९९.९९ टक्के वेळ ज्या अवस्थेत असतं तिच्याबद्दल एक्सचेंज जवळजवळ काहीच बोलत नाही, ते बोलतं त्या उरलेल्या कणभर वेळाबद्दल, आणि म्हणूनच तर ही पद्धत भारी आहे, कारण त्या कणभर वेळातल्या अवस्था सीडीला दिसत नाहीत, फ्लुरोसन्सला दिसत नाहीत, क्रिस्टलमध्ये तर नाहीच.

तुमच्याकडे घरी तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, येतात ना? आमच्याकडे आई त्या वाळू सोडायला मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायची. लहानपणी मी त्या पातेल्याशी उकिडवा बसून बघायचो. हात न लावता गप्प बसलं की एखादी शिंपली जराशी फाकते, आतून नळी बाहेर येते, आणि पातेल्याला नुसता धक्का लागला की खट्कन बंद. आता समज त्या पाण्यात हळद कालवलीय आणि शिंपली उघडली तरच आतलं मांस पिवळं होणार, आणि तेही लगेच नाही, हळद चढायला थोडा वेळ लागतो. शिंपली उघडून लगेच मिटत असेल तर हजारदा उघडेल तेव्हा एकदा रंग चढेल. अशा वेळी पाण्यात हळद दुप्पट केलीस तर रंग चढायचा वेग दुप्पट होईल. पण शिंपली एकदा उघडली की बराच वेळ तशीच राहत असेल, तर पहिल्याच उघडण्याला सगळं पिवळं, मग हळद दुप्पट कर नाहीतर चौपट, काही फरक नाही, वेग ठरतो फक्त शिंपली किती वेळाने उघडते त्यावर.

पहिला प्रकार म्हणजे ईएक्स-२, दुसरा ईएक्स-१, आणि हळद म्हणजे हायड्रॉक्साइड, आपल्या बाबतीत ओडी मायनस, कारण पीएच ३ च्या वर अमाइडचं, म्हणजे आपल्या एनएचचं, एक्सचेंज बेसने कॅटलाइझ होतं आणि पीएच एकाने वाढला की मूळ वेग दहापट होतो. ईएक्स-२ मध्ये मोजलेला वेग म्हणजे उघड-बंदचा समतोल स्थिरांक गुणिले उघड्या अवस्थेतला मूळ वेग. त्या समतोल स्थिरांकाचा लॉग घेऊन डेल्टा जी काढता येतो, २५ डिग्रीला वेग दर दहापटीने मंदावला की १.३६ किलोकॅलरी. ईएक्स-१ मध्ये मोजलेला वेग म्हणजे नुसता उघडण्याचा वेग, तो कायनेटिक आकडा आहे, त्यातून डेल्टा जी निघत नाही, पण कॅल्क्युलेटर बिचारा तुला विचारत नाही की बाई तुझा प्रकार कुठला, तो काढून देतोच. मी बघितलेल्या चुकीच्या डेल्टा जी मध्ये निम्म्याहून जास्त याच जातीचे होते.

मूळ वेग कुठून आणायचा हे तुला माहीत असेलच, १९९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या वॉल्टर इंग्लंडरच्या लॅबमधून यावेन बाई (बाई हे आडनाव) आणि मंडळींनी छोट्या पेप्टाइडवर मोजून शेजारच्या साइडचेननुसार दुरुस्त्यांचं टेबल दिलं, अजून बहुतेक जण तेच वापरतात. तिथे एक खड्डा आहे. जड पाण्यात काचेचा इलेक्ट्रोड जो आकडा दाखवतो त्यात ०.४ मिळवला की पीडी येतो. काही लोक बफर बनवताना ०.४ मिळवतात आणि मग कॅल्क्युलेटरमध्ये घालताना पुन्हा मिळवतात, कारण कॅल्क्युलेटरला मीटरवरचा आकडा हवाय की दुरुस्त केलेला हे वाचलेलंच नसतं. ०.४ म्हणजे वेगात अडीच पट, म्हणजे डेल्टा जी मध्ये अर्धी किलोकॅलरी, फुकट. तू पीडी ६ लिहिलंस ते मीटरवरचं ६ की मिळवून ६? मी पुढचा हिशोब मिळवून ६ धरून करतोय.

आता तुझा ९ घे. पीडी ७ ला, २५ डिग्रीला साध्या उघड्या एनएचचा मूळ वेग सेकंदाला ५ वगैरे धर, शेजारी कोण आहे त्यावर वर-खाली होतो पण हिशोबाला ठीक आहे. पीडी ६ ला मग ०.५. डेल्टा जी ९ म्हणजे ९ भागिले १.३६, ६.६ दशक, सुमारे ४० लाख पट मंद. ०.५ ला ४० लाखांनी भाग, हाफ लाइफ येते साधारण ६५ दिवस. आणि तू मोजलंस किती? सात दिवस. सात दिवसांत ते पीक फक्त ७ टक्के पडणार. बाय माझे, एचएसक्यूसीच्या पीक हाइटमध्ये तसाच चार-पाच टक्क्यांचा हलवा असतो, शिम (चुंबकाची जुळवणी) जरा हलला, टेंपरेचर पॉइंट दोनने इकडेतिकडे झालं, थोडं प्रोटीन खाली बसलं तरी तेवढं पडतं. म्हणजे तुझा ९ हा ९ नाहीये, तो "८ च्या वर कुठेतरी" आहे. फिटिंगच्या प्रोग्रामने एरर ०.१ दाखवला असेल, त्यावर जाऊ नकोस, फिटिंगला काय, दोन पॉइंटमधून पण रेघ जाते.

यावर माझा स्वतःचा किस्सा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मुंबईत शिकत होतो, नवीन होतो, हाताला लायसोझाइम दिलं होतं, कोंबडीच्या अंड्यातलं, १२९ रेसिड्यू, बाजारात स्वस्त आणि बिघडत नाही म्हणून सगळे नवशिके त्याच्यावरच हात साफ करतात. आम्लधर्मी जड पाण्यात ट्यूब भरली, पहिले दोन दिवस तासातासाला वन-डी स्पेक्ट्रम घेतले, वही भरली, आणि गणपती आले तसा भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून घरी. गौरी जेवल्या, विसर्जन झालं, उकडीचे मोदक खाऊन दोन किलो वाढून बारा दिवसांनी परत आलो आणि ट्यूब घातली तर अमाइडच्या भागात चार-पाच पीकं जशीच्या तशी उभी. मला वाटलं मशीन बिघडलं. सिनियर हसला आणि म्हणाला, अरे ती दिवाळीला पण असतील. ती होती. तेव्हा कळलं की मी गणपतीआधी दोन दिवसांच्या डेटावरून जो वेग काढला होता तो निव्वळ माझ्या बेसलाइनचा उतार होता.

मग करायचं काय, तर पीडी वाढव. पीडी ७ कर, तोच एनएच दहापट वेगाने बदलेल, हाफ लाइफ साडेसहा दिवसांवर येईल आणि आठवड्यात निम्मं पीक पडेल, तो डेटा विश्वासाचा. आणि एका दगडात दुसरा पक्षी पण पडतो, तो जास्त महत्त्वाचा. पीडी ६ वरून ७ ला गेल्यावर वेग खरंच दहापट झाला तर ईएक्स-२, तुझा डेल्टा जी चालेल. दोन-तीन पटच झाला किंवा झालाच नाही तर तू ईएक्स-१ कडे सरकलीस, तिथे डेल्टा जी काढू नकोस. अर्थात मधल्या काळात प्रोटीनच पीडी ७ ला जास्त किंवा कमी पक्कं झालं तर हा हिशोब बिघडतो, म्हणून दोन्ही पीडीला यूरियाचा कर्व्ह पण घे, अर्ध्या दिवसाचं काम आहे, आळस करू नकोस.

याच्या उलट, जी निम्मी पीकं पहिल्या स्पेक्ट्रमलाच गेली त्यांच्याबद्दल. पावडर विरघळवणं, ट्यूब घालणं, लॉक, शिम, पहिला एचएसक्यूसी, कितीही घाई केलीस तरी दहा मिनिटं जातात. पीडी ६ ला दहा मिनिटांत ज्याचा बराचसा भाग उडतो त्याचा डेल्टा जी साधारण ३.४ च्या आत असतो. त्याच्या खालचं तुला दिसणारच नाही, ते "उघडं" आहे असं मात्र लिहू नकोस. पीडी ५ ला उतर, म्हणजे मूळ वेग आणखी दहापट मंद आणि खिडकी जवळपास २ पर्यंत खाली जाते. शिवाय सोफास्ट-एचएमक्यूसी (एचएसक्यूसीचा झटपट भाऊ) वापरलीस तर एक स्पेक्ट्रम काही सेकंदांत होतो. खालच्यांना पीडी ५, वरच्यांना पीडी ७, मधल्यांना ६. एकाच पीडीत सगळे पकडायला जाणं म्हणजे एकाच जाळ्यात कोळंबी आणि सुरमई दोन्ही पकडायला जाण्यासारखं आहे, आसाचं, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं, माप वेगळं लागतं. आणि प्रोलीन या अमिनो आम्लाला एनएच नसतोच, ते मोजदादीतून काढ, पुष्कळ जण तेही "गायब" मध्ये धरतात.

आता ४ वाले. हे बहुतेक लोकल ओपनिंग असणार, म्हणजे हेलिक्सचं टोक सुटतंय, एखादा लूप उचलला जातोय, बाकी प्रोटीन जागच्या जागी. हे नुसतं वाटून चालत नाही, दाखवता येतं, आणि यातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग तोच आहे. पाण्यात थोडं थोडं ग्वानिडिन (यूरियासारखंच प्रोटीन उलगडणारं रसायन) वाढवत जा, पण इतकं कमी की प्रोटीन सीडीवर पूर्ण घडीत दिसलं पाहिजे, आणि प्रत्येक पायरीला एक्सचेंज मोज. प्रोटीन पूर्ण उलगडूनच बदलणारा एनएच ग्वानिडिनला फार तापट असतो, थोडं वाढवलं की त्याचा डेल्टा जी धाडकन उतरतो, कारण उलगडलेल्या साखळीचा पृष्ठभाग मोठा आणि ग्वानिडिनला चिकटायला तिथे जागा भरपूर. लोकल ओपनिंगवाला मात्र ढिम्म, रेघ आडवी, कारण त्या उघडण्यात नवीन पृष्ठभाग जवळजवळ उघडाच पडत नाही. ग्वानिडिन वाढवत गेलीस की उतरत्या रेघा आडव्या रेघांना येऊन मिळतात आणि मग आडवीवालाही त्यांच्यासोबत खाली वाकतो. पहिल्यांदा स्वतःच्या प्रोटीनचा असा ग्राफ कागदावर काढशील तेव्हा कळेल मी काय म्हणतोय ते.

आणि मधेच कधीकधी तिसरी जात सापडते, ना आडवी ना पूर्ण तापट, आणि एकट्या-दुकट्या एनएचची नाही तर शेजारच्या पंधरा-वीस एनएचची मिळून एकच रेघ. म्हणजे तो तुकडा एकत्र उघडतोय. १९९५ मध्ये इंग्लंडरच्या गटाने घोड्याच्या सायटोक्रोम सी मध्ये, १०४ रेसिड्यूचं प्रोटीन, हे असे गट दाखवले आणि त्यांना पुढे फोल्डॉन नाव पडलं. सगळ्यात पक्का गट पहिल्या आणि शेवटच्या हेलिक्सचा, साखळीची दोन टोकं एकमेकांना धरून. त्यावरून ते म्हणाले की प्रोटीन याच पायऱ्यांनी घडतं. यावर फोल्डिंगवरच काम करणाऱ्या जेन क्लार्क आणि ॲलन फर्श्ट यांनी हरकत घेतली की समतोलातला एक्सचेंज तुम्हाला कुठल्या अवस्था आहेत ते सांगतो, कुठली आधी कुठली नंतर ते सांगत नाही. माझं मत विचारशील तर हरकत तत्त्वात शंभर टक्के बरोबर आहे, पण सायटोक्रोम सी च्या बाबतीत दुसऱ्या पुराव्यांनी पायऱ्या बऱ्यापैकी जुळतात. तुझ्या थिसिसमध्ये मात्र समतोलाच्या डेटावरून "पाथवे" हा शब्द वापरू नकोस, व्हायवाला कोणीतरी धरेलच.

क्रम हवा असेल तर पल्स लेबलिंग. उलगडलेलं प्रोटीन जड पाण्यात ठेवून सगळे एनएच आधी डी करून घ्यायचे, मग साध्या पाण्याच्या बफरमध्ये झटकन पातळ करून घडायला सोडायचं, काही मिलिसेकंदांनी पीएच ९-१० चा छोटा दणका द्यायचा, म्हणजे तोपर्यंत जे एनएच झाकले गेले नाहीत ते एच होतात आणि झाकलेले डी राहतात, मग लगेच पीएच खाली आणून घडी पूर्ण होऊ द्यायची आणि निवांत एनएमआरवर वाचायचं. दणका कितव्या मिलिसेकंदाला दिला ते बदलत गेलं की फोल्डिंगची फिल्मच तयार. १९८८ मध्ये याचे दोन पेपर आले, एक रोडर, एलोव्ह आणि इंग्लंडरचा सायटोक्रोम सी वर, दुसरा रायबोन्युक्लिएज ए वर जयंत उदगावकर आणि रॉबर्ट बाल्डविन यांचा. उदगावकर पुढे बंगळूरच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेत बारस्टार नावाच्या प्रोटीनवर वर्षानुवर्षं काम करत राहिले आणि नंतर पुण्याच्या आयसरचे डायरेक्टर झाले. मराठी पोरांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण अजून सगळ्यांना वाटतं की हे सगळं फक्त फिलाडेल्फियात होतं.

परत तुझ्याकडे. पीडी ७ ला नीट मोजून समजा त्या पाच-सहा एनएचचा डेल्टा जी ८.५ आला आणि सीडीचा ७ च राहिला, मग? मग घाबरू नकोस, एक्सचेंजचा आकडा सीडीपेक्षा थोडा जास्त यायला चांगली कारणं आहेत. एक, प्रोलीन. सीडीच्या प्रयोगात उलगडलेलं प्रोटीन तासभर यूरियात बसलेलं असतं, तेवढ्यात त्याचे प्रोलीन सिस आणि ट्रान्स या दोन वळणांमध्ये आपापल्या मर्जीने वाटले जातात, आणि त्याने उलगडलेल्या बाजूचं पारडं जड होतं. एक्सचेंजमध्ये मात्र प्रोटीन क्षणभरच उलगडतं आणि मिटतं, प्रोलीनला वळायला सेकंद ते मिनिटं लागतात, तेवढा वेळच नसतो. घडीत सगळे प्रोलीन ट्रान्स असतील तर फरक किरकोळ, पण एक जरी सिस असला तर उलगडल्यावर त्यातले दहा-वीस टक्केच सिस राहतात, त्या एकाचाच फरक किलोकॅलरीभर. रायबोन्युक्लिएज ए मध्ये असे दोन सिस प्रोलीन आहेत, ९३ आणि ११४. दोन, जड पाण्यात बहुतेक प्रोटीनं साध्या पाण्यापेक्षा थोडी जास्त पक्की असतात, आणि तू सीडी बहुतेक साध्या पाण्यात केलं असणार. तीन, यूरियाचा कर्व्ह शून्य यूरियापर्यंत सरळ रेघेने मागे ओढायचा असतो, ती रेघ लांबून ओढलेली असते, तिच्यात अर्धी किलोकॅलरी सहज लपते. तेव्हा पीडीबीत (प्रोटीनच्या रचनांचा साठा) जाऊन तुझ्या प्रोटीनचे प्रोलीन बघ, सिस आहे का, आणि सीडी एकदा जड पाण्यात कर. बरीचशी दरी तिथेच बुजेल.

बुजली नाही आणि उलट झालं, म्हणजे सगळ्यात मंद एनएचचा डेल्टा जी सीडीपेक्षा कमी आला, तर त्याचा अर्थ वेगळा. तिथे बहुतेक पूर्ण उलगडण्याआधीच कुठल्यातरी अर्धवट उघडण्यातून ते बदलून मोकळे होतायत.

जड पाण्याबद्दल थोडं, कारण किनाऱ्यावरच्या माणसाला हे जास्त भोवतं. जड पाण्याची बाटली उघडी राहिली की ती हवेतली वाफ ओढते, आणि जुलैमध्ये आपल्याकडे हवा म्हणजे पाणीच. मी एकदा पावसाळ्यात बीकरमध्ये बफर स्टररवर ठेवून चहाला गेलो, तिथे गप्पा रंगल्या, परत येऊन स्पेक्ट्रम घेतला तर एचओडीचं, म्हणजे साध्या पाण्याची भेसळ दाखवणारं, पीक डोंगराएवढं. वर पीएचचा इलेक्ट्रोड साध्या पाण्यात धुऊन तसाच ओला बुडवला होता, ते वेगळंच. जड पाण्यात दोन-तीन टक्के साधं पाणी शिरलं तरी पीकं शून्यापर्यंत उतरत नाहीत, खाली तळ राहतो, आणि तो तळ फिटिंगमध्ये शून्य धरलास की वेग चुकतो. लायोफिलाइझ केलेली पावडर पण तशीच, डेसिकेटरमधून काढल्यावर कोकणात ती अर्ध्या तासात ओल धरून पापडासारखी मऊ पडते. छोट्या बाटल्या घे, पॅराफिल्म लाव, बफर जड पाण्यात विरघळवून एकदा पुन्हा सुकवून घे म्हणजे फॉस्फेटचे एच पण जातील.

आणि हे जड पाणी येतं कुठून माहितेय का? आमच्या अलिबागला थळला जड पाण्याचा कारखाना आहे, १९८७ पासून, खताच्या कारखान्याला लागून. नैसर्गिक पाण्यात दर साडेसहा हजार हायड्रोजनमागे एखादाच ड्युटेरियम असतो, तो वेचायला तिथे अमोनिया आणि हायड्रोजन वायू यांच्यात ड्युटेरियमची अदलाबदल घडवतात, कॅटलिस्ट पोटॅशियम अमाइड. म्हणजे तिथेही हायड्रोजन एक्सचेंजच, नायट्रोजनवरच्या हायड्रोजनचाच, फक्त प्रोटीनऐवजी अमोनिया आणि ट्यूबऐवजी उंच टॉवर. लहानपणी आम्हाला त्या टॉवरच्या पलीकडे काय चालतं याचा पत्ता नव्हता, आणि पुढे आयुष्यभर मी त्याचंच छोटं भावंड एनएमआर ट्यूबमध्ये करत बसलो.

ही पद्धत ज्याने सुरू केली त्या लिंडरस्ट्रॉम-लांग नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाकडे १९५० च्या दशकात कोपनहेगनला कार्ल्सबर्ग लॅबोरेटरीत एनएमआर नव्हता की मास स्पेक (रेणूंचं वजन मोजणारं यंत्र) नव्हता. तो प्रोटीनचं पाणी उडवून गोळा करायचा आणि त्याचा थेंब ब्रोमोबेन्झीन आणि रॉकेल यांच्या मिश्रणाच्या उभ्या नळीत सोडायचा, मिश्रण खाली जड वर हलकं असं भरलेलं, आणि थेंब कुठल्या उंचीला तरंगत थांबतो त्यावरून त्यात ड्युटेरियम किती ते काढायचा. रॉकेलच्या नळीवर त्याने ओळखलं की प्रोटीन स्थिर नाही, ते सारखं उघडतंय-मिटतंय. आपल्याकडे करोडोंचं मशीन आहे आणि आपण पीडीत ०.४ दोनदा मिळवतो.

शेवटी मास स्पेकचं विचारलं होतंस, करावं का म्हणून. प्रोटीन कमी असेल, मोठं असेल किंवा एनएमआरवर असाइनमेंट (कुठलं पीक कुठल्या रेसिड्यूचं ते ठरवणं) होत नसेल तर जरूर कर, तुझ्या ११० रेसिड्यूसाठी ज्याचं असाइनमेंट झालंय तिथे गरज नाही, पण एका कारणासाठी करण्यासारखं आहे आणि ते म्हणजे ईएक्स-१. एनएमआरवर ईएक्स-१ आणि ईएक्स-२ दोन्हींत पीक नुसतं उतरताना दिसतं. मास स्पेकवर ईएक्स-२ मध्ये पेप्टाइडचा एकच डोंगर हळूहळू उजवीकडे सरकतो, आणि ईएक्स-१ मध्ये दोन डोंगर दिसतात, डावा खचतो आणि उजवा वाढतो, मधे दरी. जे उघडले त्यांचे सगळे एनएच एकदम बदलले, जे नाही उघडले त्यांचे अजून एकही नाही. डोळ्याने दिसतं.

त्यात क्वेंच, म्हणजे एक्सचेंजला ब्रेक लावणं, मात्र जपून. पीएच २.५ आणि शून्य डिग्री, दोन्ही एकदम, तिथे एक्सचेंज पीएच ७ च्या तुलनेत दहा हजार पटीच्या घरात मंदावतं आणि उघड्या एनएचचीही हाफ लाइफ अर्ध्या-एक तासावर जाते. प्रोटीनचे पेप्टाइडमध्ये तुकडे करणाऱ्या पेप्सिन या एन्झाइमला त्या पीएचला कापायला आवडतं हे आपलं नशीब. फ्रीजरमध्ये ठेवल्या की त्या तिसऱ्या शिंपल्या तोंड उघडतात, इथे थंडीने उलट सगळं गोठल्यासारखं होतं, एवढाच फरक. तरी कॉलममधून जाईपर्यंत काही डी परत एच होतातच, वीस-तीस टक्के सहज जातात, म्हणून पूर्ण डी केलेला कंट्रोल लागतोच. आणि दोन डोंगर दिसले म्हणून लगेच नाचू नकोस. आधीच्या इंजेक्शनचं पेप्टाइड कॉलमला चिकटून राहिलं असेल तर ते तोपर्यंत आपला डी घालवून बसलेलं असतं आणि तुझ्या नव्या सॅम्पलबरोबर बाहेर येऊन डावीकडे खोटा डोंगर उभा करतं. दोन सॅम्पलच्या मधे कोरी इंजेक्शनं मार, त्यात पेप्टाइड दिसलं तर आधी कॉलम धू.

तर आधी पीडी ५ आणि ७ चे दोन सेट लाव, शेजारी एक ट्यूब साध्या पाण्याच्या बफरमध्ये तेवढेच दिवस ठेव म्हणजे प्रोटीन खाली बसून पीक पडतंय की एक्सचेंजने ते कळेल, आणि प्रोलीनचं बघून सांग. टेबलात तोवर ९ च्या जागी "८ पेक्षा जास्त" लिही, ४ च्या पुढे "लोकल, तपासायचंय" लिही, आणि ७ च्या पुढे "सीडी, यूरिया, साधं पाणी". एकच आकडा मागतायत म्हणून तिघांची सरासरी मात्र काढू नकोस, तसं केलेलं एक टेबल मी तपासलंय आणि ते परत पाठवावं लागलं होतं.